शुभंकराचा थकवा : 'देवराई' आणि 'अस्तु' या चित्रपटांतील शुश्रूषेचे चित्रण

दीर्घ आजारी माणसाची घरी राहून काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी पुण्यातील स्वमदत गटांनी 'शुभंकर' हा शब्द रूढ केला आणि रुग्णाला 'शुभार्थी' म्हटले. मनोविकार असो वा कंपवात, 'रुग्ण' या शब्दातील हीनत्व त्यामुळे पुसले गेले, हे त्याचे मोठेच श्रेय आहे. मात्र या शब्दाची दुसरी बाजू फारशी तपासली गेलेली नाही. जो शुभ करतो त्याने चिडावे कसे? त्याने कंटाळावे कसे? 'सेवा' या जुन्या शब्दाभोवती पुण्याचे वलय होते. 'शुभंकर'मध्ये ते वेगळ्या रूपाने टिकून राहिले. काळजी घेणाऱ्याच्या थकव्यासाठी मात्र मराठीत अद्याप सर्वमान्य शब्द नाही.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात ही अवस्था 'बर्नआउट' या नावाने ओळखली जाते. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ती संकल्पना मांडली. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली : भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच साधत नाही ही भावना. लक्षणीय बाब अशी की, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था केवळ नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातच वापरावी, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे रुग्णालयातील परिचारिका या व्याख्येत बसते. वडिलांना रात्रीतून चार वेळा उठवून नेणारी मुलगी बसत नाही. भारतातील २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा या बाबतीत अधिक उदार आहे. मोबदला मिळो वा न मिळो, काळजी घेणारा कुटुंबीय त्याच्या व्याख्येत येतो. याउलट ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा मुलांचे कर्तव्य सांगतो, वृद्धाला टाकून देणाऱ्यास शिक्षाही सांगतो. कर्तव्य बजावणाऱ्याच्या विश्रांतीचा विचार त्यात नाही.

व्याख्या आणि कायदा यांच्या मधल्या या मोकळ्या जागेत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे दोन चित्रपट उभे आहेत. 'देवराई' (२००४) छिन्नमनस्कतेविषयी, तर 'अस्तु' (२०१३) स्मृतिभ्रंशाविषयी आहे, अशीच त्यांची ओळख करून दिली जाते. 'देवराई'च्या निर्मितीमागे स्किझोफ्रेनियाविषयी जनजागृती करणारे डॉ. जगन्नाथ वाणी होते, तर 'अस्तु'त डॉ. चक्रपाणी शास्त्री साकारणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. साहजिकच दोन्ही चित्रपट आजाराचे चित्रपट म्हणून पाहिले गेले. परंतु या दोन्ही कथांचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे त्या दोन स्त्रिया आजारी नाहीत. एक बहीण आहे, दुसरी मुलगी.

'देवराई'तील सीना (सोनाली कुलकर्णी) भावाला, शेषला (अतुल कुलकर्णी), कोकणातून शहरातील आपल्या घरी आणते. तिथपासून घराचे दोन तुकडे पडतात. एका बाजूला संसार, दुसऱ्या बाजूला भाऊ. आणि दोन्हीकडे अपराधी तीच. पतीची नाराजी दिग्दर्शकद्वयाने खलत्वाने रंगवलेली नाही, हे विशेष. त्याचेही म्हणणे प्रेक्षकाला पटते, आणि म्हणूनच सीनाची कोंडी खरी वाटते. तिचा थकवा हा एखाद्या दुष्ट माणसामुळे आलेला नाही. एका चांगल्या घरात एकाच माणसावर सगळे पडल्याने तो आलेला आहे. प्रतिबंधाचा मुद्दा येथेच आहे. शुभंकराने 'स्वतःची काळजी घ्यावी' हा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. पण दुपारी दोन तास घराबाहेर पडायचे, तर त्या वेळी रुग्णापाशी कोण बसणार, याचे उत्तर त्या उपदेशात नसते.

'अस्तु'ची मांडणी अधिक धाडसी आहे. संस्कृतचे प्रकांड पंडित असलेले शास्त्री हत्तीच्या ओढीने मोटारीतून उतरतात आणि हरवतात. त्यांचा शोध घेता घेता इराच्या (इरावती हर्षे) मनात मागील काळ उलगडत जातो. ज्याच्या विद्वत्तेचा धाक वाटला त्या बापाला मूल म्हणून सांभाळताना तिच्यात उमटणारी चीड, आणि त्या चिडीची लाज, हर्षे यांनी अतिशय संयमाने दाखवली आहे. मास्लाक ज्याला कोरडेपणा म्हणतात तो येथे प्रेमाचा अभाव म्हणून येत नाही, प्रेम दीर्घकाळ एकट्याने वाहिल्याची खूण म्हणून येतो. थकव्याचे निदान याहून नेमके क्वचितच झाले असेल.

परंतु निदानानंतर चित्रपट वळण घेतो. हत्तीवाल्याची पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्या अनोळखी वृद्धाला आपल्या पाठीशी घालते आणि त्याला तिच्यात आई दिसते. ही भूमिका राष्ट्रीय पुरस्काराने गौरवली गेली, ते योग्यच झाले. प्रश्न अभिनयाचा नसून रचनेचा आहे. इराचा अस्वस्थ विवेक आणि चन्नम्माचे सहज मातृत्व शेजारी ठेवले की प्रेक्षकाच्या मनात नकळत एक निवाडा होतो : शिकलेली मुलगी विचार करत राहिली, अडाणी बाईने मात्र स्वीकार केला. 'अस्तु' या शीर्षकाचा रोखही स्वीकाराकडेच आहे. या तुलनेत एक गोष्ट निसटते, ती म्हणजे काळ. चन्नम्माच्या वाट्याला हा वृद्ध थोड्या तासांपुरता आला. इराच्या वाट्याला वर्षे आली. थकवा स्वभावातून येत नाही, तो कालावधीतून येतो. तीन वर्षांनंतरची चन्नम्मा कशी असती, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

आज तो प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. मुळा-मुठेकाठचे खराडी हे हवेली तालुक्यातील गाव होते. आता तेथे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि उंच गृहसंकुले आहेत. मुले-सुना दोन्ही पाळ्यांत कामाला, गावाकडून आणलेले आईवडील दहाव्या मजल्यावर, आणि त्यांच्यापाशी ब्युरोमार्फत आलेली बारा तासांची बाई, हे चित्र अशा उपनगरांत नवे नाही. चन्नम्मा येथे पगारी झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत आता ती बसते, इरा अजूनही बसत नाही. उसंत मात्र दोघींनाही नाही. आजोबांनी 'आई' म्हणून हाक मारली तरी सकाळी आठला पाळी बदलते आणि तिला स्वतःच्या घरचा स्वयंपाक करायचा असतो.

समाजशास्त्रज्ञ म्हणून घडलेल्या सुमित्रा भावे यांच्या चित्रपटकारकिर्दीचा प्रारंभ १९८५ मधील 'बाई' या लघुपटाने झाला होता, झोपडपट्टीतील एका स्त्रीचे जगणे तिच्या बाजूने पाहणाऱ्या. 'अस्तु'तील चन्नम्माकडे त्या नजरेने पाहिले असते, तर हा चित्रपट वेगळ्या ठिकाणी संपला असता.