प्रवरेकाठचे ओढे आणि कर्बवायूचा हिशेब

नद्या व ओढे मिळून दरवर्षी सुमारे १.८ अब्ज टन कर्ब वातावरणात सोडतात, असे अनुमान पीटर रेमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडले. तथापि त्यामागील पद्धती तपासणे अगत्याचे आहे. विरघळलेला वायू तेथे प्रत्यक्ष मोजलेला नसून पाण्याचा सामू व अल्कता यांवरून गणिताने काढलेला आहे.

नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी चुन्याने सांधलेले गोट्यांचे थर आढळतात. काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी विरघळलेला चुना वाहून आणते. कर्बवायू निसटला वा पाणी आटले की तो साठतो, याची ते थर साक्ष देतात. अशा पाण्याचा सामू ८ असता त्यातील असेंद्रिय कर्बापैकी मुक्त वायू जेमतेम दोन टक्के असतो. उरलेला जवळजवळ सर्व बायकार्बोनेटच्या रूपात राहतो. सामूच्या नोंदीत ०.३ ची चूक झाली, तर या अल्प अंशाचे उत्तर दुप्पट अथवा निम्मे होते. शिवाय दिवसा शेवाळ हा वायू शोषते, रात्री तो वाढतो. नमुने मात्र प्रायः दिवसाच घेतले जातात.

म्हणून दख्खनच्या ओढ्यांपुरते तरी अहोरात्र प्रत्यक्ष मापन व्हावयास हवे. एरवी उष्ण कटिबंधातील ओढ्यांच्या नावावर जमा होईल ती केवळ सूत्राची बेरीज.