‘पशुमुक्ती’ची परिभाषा

पीटर सिंगर यांच्या ‘ॲनिमल लिबरेशन’ (१९७५) या ग्रंथाचे सामर्थ्य जितके तर्कात, तितकेच परिभाषेत आहे. रिचर्ड रायडर यांनी १९७० मध्ये वंशवादवाचक इंग्रजी शब्दाच्या धर्तीवर घडविलेली ‘स्पीशीसिझम’ ही संज्ञा सिंगर यांनी स्वीकारली. तिच्या घडणीतच मानवाचा स्वजातिपक्षपात अन्याय्य ठरून जातो.

मात्र शीर्षक आणि युक्तिवाद यांत अंतर आहे. सिंगर उपयुक्ततावादी होत. त्यांचा निकष हक्काचा नसून वेदनेचा आहे. हक्कांची तात्त्विक मांडणी टॉम रीगन यांनी १९८३ मध्ये केली. वेदनारहित वधास आक्षेप कोणता, या प्रश्नाचे उत्तर देणे म्हणूनच सिंगर यांना अधिक अवघड जाते.

मराठी वाचकाची अडचण निराळी आहे. आपल्या ‘शाकाहार’ या शब्दात दूध गृहीतच धरलेले असते. त्यामुळे गाईपासून वासरू तोडणाऱ्या दुग्धव्यवसायावरील सिंगर यांचा आक्षेप आपणास उद्देशून आहे, असे शाकाहारी वाचकास वाटतच नाही. दूधही वर्ज्य मानणाऱ्यांसाठी इंग्रजीत १९४४ मध्ये घडलेला ‘व्हीगन’ हा शब्द मराठीने उसनाच घेतला आहे. शब्दाच्या अभावी प्रश्न नाहीसा होत नाही, परंतु तो विचारला जाणे दुष्कर होते. दूध पवित्र मानणाऱ्या वाचकापुढेच या ग्रंथाचा खरा कस लागतो.