यंत्रकार गणपत कृष्णाजी

मराठी मुद्रणाच्या इतिहासात गणपत कृष्णाजी यांचा उल्लेख प्रायः शके 1753 चे, म्हणजे 1831 चे, पंचांग छापणारे म्हणून होतो. हा गौरव यथार्थ असला तरी अपुरा आहे. गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (1863) या ग्रंथातील वृत्तान्त पाहता, अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्यांनी प्रथम लाकडी यंत्र घडविले, शाई स्वतः सिद्ध केली व पुढे खिळेही पाडले, असे दिसते. म्हणजेच ते केवळ मुद्रक नव्हेत, यंत्रकारही होते. माडगावकरांचा विशेष हा, की ते फळाबरोबर खटपटीचीही नोंद ठेवतात. अ. का. प्रियोळकरांनी 1958 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या साधनाचे मोल ओळखले. सामान्य चरित्रपर लेखनात मात्र पंचांग उरले आणि यंत्र गळाले.

हा दोष नांदेड-लातूरच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानी घ्यावयास हवा. हा प्रदेश 1948 पर्यंत निजामी राज्यात होता. राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे येथील मुद्रणाचा विचार बहुधा नियतकालिके व निर्बंध यांपाशीच थांबतो. ट्रेडल कोणी दुरुस्त केले, खिळे कोणी जुळविले, हा प्रश्न मागे राहतो. ऑफसेटच्या प्रसारानंतर जुनी यंत्रे मोडीत निघाली. छापलेले ग्रंथ ग्रंथालयांत सापडतील. यंत्रामागील हातांची ओळख सांगणारे मात्र फार काळ भेटणार नाहीत. संशोधनाचा क्रम यावरूनच ठरावा, हे उचित होय.