काजूच्या टरफलातली एक ओळ

इंदूरच्या मिठाईच्या दुकानांत काजू पोहोचतो तो सोललेला, पांढरा, निरुपद्रवी. मूळ मजकूर वेंगुर्ले-चंदगडच्या कारखान्यांत, टरफलांच्या ढिगात मागे राहतो. टरफलाच्या दोन कडक थरांमध्ये पोळ्यासारखी सच्छिद्र जागा असते आणि तिच्यात दाट तपकिरी तेल. टरफलाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेवढ्यातच जातो.

या तेलातला मुख्य रेणू अनाकार्डिक आम्ल. त्याची मांडणी सावकाश वाचावी. सहा कार्बनांचं कडं आणि त्यावर ओळीनं तीन पाहुणे: एका बाजूला हायड्रॉक्सिल, दुसऱ्या बाजूला पंधरा कार्बनांची लांब शेपटी, दोघांच्या मध्ये कार्बोक्सिल. तेल तापवलं की मधला पाहुणा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरतो तो कार्डानॉल. एवढ्या एका काटछाटीनं रचना उद्योगाच्या हाती लागते, कारण आता तो फिनॉलसारखा फॉर्माल्डिहाइडशी जुळून राळ होतो.

साध्या फिनॉलची राळ मात्र कडक आणि ठिसूळ. कार्डानॉलची शेपटी तिला लवचीक करते, पाण्याला दूर ठेवते. मला या रचनेतली खरी करामत शेपटीतच दिसते. तिच्यात दुहेरी बंध कधी एक, कधी दोन, कधी तीन, कधी एकही नाही. चारही पाठभेद एकाच तेलात नांदतात. शुद्ध संहितेचा आग्रह धरणारा इथे वैतागेल. वार्निशवाल्याची तक्रार नसते, कारण याच बंधांपाशी हवेतला ऑक्सिजन रेणूंना एकमेकांत गुंतवतो आणि थर वाळतो. जहाजांच्या इपॉक्सी रंगांतही कार्डानॉलपासून केलेले घट्ट करणारे पदार्थ वापरतात. थंडीत, ओलीतही ते काम करतात.

इंदूरकराच्या सर्वांत जवळचा उपयोग ट्रकच्या चाकात सापडावा. या तेलाची राळ पक्की करून दळली की ब्रेक लायनिंगमध्ये घालायची ‘फ्रिक्शन डस्ट’ होते. मुंबईच्या वाटेवर मानपूरचा घाट उतरून ट्रक खलघाटाला नर्मदेकडे निघतो तेव्हा लायनिंग तापतं. तिथे ही भुकटी घर्षण एकसारखं ठेवायला आणि ब्रेकचं किंचाळणं कमी करायला मदत करते.

उद्योगाची पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. माझ्या मते तो अर्धाच अर्थ झाला. पाण्याला हटवणारी शेपटी स्निग्ध कातडीत मात्र सहज शिरते. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते यासाठी. तरी बोटं काळी पडतात, कातडी सोलते. कच्च्या तेलातला कार्डॉल, म्हणजे दोन हायड्रॉक्सिलवाला भाऊबंद, विशेष जाळतो.

माळव्या-निमाडात काजूच्याच कुळातला बिब्बा ओळखीचा आहे. त्याच्या रसातल्या रेणूलाही तशीच लांब शेपटी, पण कड्यावरची दोन हायड्रॉक्सिलं अगदी शेजारी-शेजारी. त्यामुळे तो हवेत चटकन काळा पडतो. धोबी कपड्यावर बिब्ब्याची खूण करत ते याच भरवशावर. भट्टीत घातला तरी डाग जात नसे.