‘नियमांनी दुकान बंद पाडलं’ : माझ्याच एका वाक्याची उलटतपासणी

‘पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचंय, विषय कसा मांडू?’ असे मेसेज हल्ली बरेच येतात. त्यामुळे आज एका वाक्याची चिरफाड करूया. वाक्य माझंच आहे, चार वर्षांपूर्वीच्या कच्च्या मसुद्यातलं :

‘शस्त्रविषयक नियम कडक होत गेल्यामुळे लहान परवानाधारक बंदूक-विक्रेत्यांचा व्यवसाय संपुष्टात आला.’

वाचायला काही खटकत नाही ना? मलाही खटकलं नव्हतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले : किती? कधीपासून? नाहीतर काय? तो मसुदा तिथेच संपला. माझं पीएचडीचं काम आज दुसऱ्याच विषयावर चाललंय, पण ते तीन प्रश्न मी अजून वापरते.

आधी हे वाक्य माझ्याकडे आलं कुठून ते सांगते. मी घिवलीची. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भाताला डुकरांचा त्रास, म्हणून ती बंदूक. मी शाळेत असताना दोन-तीनदा त्यांच्याबरोबर बोईसरहून गाडी पकडून मुंबईतल्या एका दुकानात गेलेय. लाकडी कपाटं, तेलाचा वास आणि एक भलंमोठं रजिस्टर. आजोबा गेल्यावर बंदूक त्याच दुकानात ठेव म्हणून पडून राहिली. मग एक दिवस दुकानदारकाकांचा फोन आला : दुकान बंद करतोय, तुमच्या बंदुकीचं काय ते बघा. वारसाला ती ठेवायची तर स्वतःचा परवाना लागतो. घरात कुणालाच तो काढायचा नव्हता. शेवटी ती सरकारजमा केली. आजीला ते आवडलं नाही.

त्या वेळी काका म्हणाले होते, ‘पोरी, नियमांनी मारलं आम्हाला.’ माझं वाक्य हे त्याच बोलण्याचं पुस्तकी रूप. आता एकेक प्रश्न घेऊ.

किती?

मी मसुद्यात बाजार केवढा हे दाखवायला एक आकडा टाकला होता. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये भारतात नागरिकांकडे सुमारे ७.११ कोटी बंदुका होत्या. केवढा मोठा बाजार, असं मला वाटलं. पण हा अंदाज आहे, मोजणी नाही. त्याच अंदाजात नोंदणीकृत बंदुका फक्त ९७ लाखांच्या आसपास आहेत. उरलेल्या सहा कोटींहून जास्त बंदुका कागदावर नसलेल्या. त्यांचा मालक परवानाधारक दुकानाची पायरी चढेल का?

आता गृहमंत्रालयाची आकडेवारी बघा. २०१६ अखेर देशात चालू परवाने सुमारे ३३.७ लाख. त्यातले पावणेतेरा लाखांहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात साधारण ८४ हजार. तेव्हा एका व्यक्तीला तीन बंदुका ठेवता येत. ३३.७ला ३ने गुणा, एक कोटीच्या थोडं वर जातं. म्हणजे ९७ लाख आणि ३३.७ लाख या आकड्यांत लगेच भांडण लावायची गरज नाही, ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. काकांचा खरा बाजार होता तो महाराष्ट्रातल्या त्या ८४ हजारांतला एक तुकडा. मी मात्र तो ७ कोटींचा समजून रडत होते.

दुसरी गफलत : ‘विक्रेते कमी झाले’ म्हणताना मोजायचं काय? दुकानं की परवाने? यासाठी अमेरिकेचं उदाहरण फार उपयोगी आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदूक-व्यवसायाचे संघीय परवाने पावणेतीन लाखांहून जास्त होते. आधी या परवान्याची फी वर्षाला १० डॉलर होती. १९९३च्या ब्रेडी कायद्याने ती पहिल्या तीन वर्षांसाठी २०० डॉलर केली. १९९४च्या कायद्याने फोटो आणि बोटांचे ठसे मागितले. दशक संपेपर्यंत परवाने एक लाखाच्या आसपास आले. आलेख काढलात तर कडा कोसळल्यासारखा दिसेल. पण त्यातले कितीतरी जण घरातल्या टेबलावरूनच ‘धंदा’ करत होते, आणि काहींनी तर स्वतःला घाऊक भावात बंदूक मिळावी एवढ्यासाठीच परवाना काढलेला होता. परवाने दोन-तृतीयांश घटले, म्हणून दुकानं किंवा विक्री दोन-तृतीयांश घटली, असं म्हणता येत नाही.

तुमच्या विषयात बंदुका नसतील. पण ‘शाळा बंद पडल्या’, ‘लघुउद्योग संपले’ असं लिहिताना तुम्ही नोंदणी मोजताय की चालू असलेली गोष्ट, हे पहिल्याच पानावर सांगा.

कधीपासून?

मी सगळा दोष २०१६च्या शस्त्र नियमांवर टाकला होता. कारण काका तेच सांगत होते. या नियमांनी १९६२चे नियम बदलले. कागदपत्रं वाढली, परवाना मागणाऱ्याला बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेणं आलं, नोंदी संगणकावर गेल्या. २०१९च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा घातली, आणि परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं केली.

पण काळाची रेघ जरा मागे ओढा. १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार करणारं गिऱ्हाईक हळूहळू गेलं. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्यांसाठी विदेशी बंदुकांची आयात बंद झाली आणि कपाटातला सगळ्यात जास्त नफ्याचा माल गेला. राहिलं काय? देशी बाराबोअर, सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं. त्यातलं रिव्हॉल्व्हर तर परवानाधारकाला सरकारी कारखान्याकडून थेटही घेता येतं. शिवाय बंदूक हा सहज झिजणारा माल नाही. नीट तेलपाणी केलं तर ती नातवापर्यंत टिकते, त्यामुळे तेच गिऱ्हाईक दुसरी घ्यायला येतच नाही. पुन्हा पुन्हा खपतात ती काडतुसं, पण त्यांचीही मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.

आता आमच्या भागाकडे बघा. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९मध्ये सुरू झाला, बोईसरला एमआयडीसी आली. शेतं गेली, इमारती आल्या, पोरं पाळीवर जायला लागली. रात्री माळ्यावर बसून भात राखणारा माणूसच उरला नाही, तर शेतीसंरक्षणाचा परवाना पुढे कोण चालवणार? आमच्या घरात कुणी चालवला नाही, हे वर सांगितलंच.

इथे कुणीतरी हात वर करेल : अगं, १९७२चा कायदा आणि आयातबंदी हेही नियमच की! मग तुझं वाक्य चुकलं कुठे?

आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या वाक्याची खरी दुखरी नस तीच आहे. ‘नियम’ या एका शब्दात मी तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या : विकणाऱ्यावरचे नियम, विकत घेणाऱ्यावरचे नियम आणि बंदुकीच्या वापरावरचे नियम. पहिल्याने दुकानाचा खर्च वाढतो, दुसऱ्याने गिऱ्हाईक कमी होतं आणि तिसऱ्याने गिऱ्हाइकाची गरजच जाते. परिणाम एकच दिसतो, दुकान बंद. पण उद्या कुणी माझा प्रबंध वाचून विक्रेत्यांवरचे नियम सैल केले, तर शिकारी परत येणार आहेत का? कारण कुठलं हे न सांगता ‘नियमांमुळे’ म्हणणं म्हणजे ‘आजारामुळे माणूस गेला’ म्हणण्यासारखं आहे.

नाहीतर काय?

हा प्रश्न सगळ्यात अवघड. नियम बदलले नसते, तर ही दुकानं टिकली असती का?

प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो. इथे तो शोधावा लागतो. मला तो घराजवळच सापडला. चिंचणी-वरोर-डहाणू पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा घरोघरी होता. पोलादाच्या ठोकळ्यावर हाताने नक्षी कोरायची, अतिशय बारीक काम. त्याला ना शस्त्रपरवाना लागतो, ना पोलिसांची तपासणी. तरीही संगणकावर चालणारी यंत्रं आली, नवीन पोरं शिकेनाशी झाली आणि तो धंदाही आकसला. म्हणजे कडक नियम नसतानाही लहान, हातावरचे, बापाकडून मुलाकडे जाणारे धंदे आटतातच. बंदूक-दुकानांच्या घटीतून आधी ही सर्वसाधारण घट वजा करायला हवी, मग उरलेल्याला नियमांचा परिणाम म्हणता येईल. अर्थात हा कंट्रोल परिपूर्ण नाही. दागिन्यांची मागणी आणि बंदुकीची मागणी यांचा काय संबंध? पण अपुरा कंट्रोल, आणि तो अपुरा आहे ही कबुली, हे दोन्ही मिळून ‘कंट्रोलच नाही’पेक्षा बरं.

अजून एक चूक सांगते, ती सर्व्हायव्हल अनॅलिसिस शिकल्यावर लक्षात आली. मी बोलले कुणाशी? बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाशी. जी दुकानं अजून चालू आहेत, त्यांच्याकडे मी गेलेच नाही. आमच्या भाषेत चालू असलेल्या दुकानाला ‘सेन्सॉर्ड’ निरीक्षण म्हणतात. त्याचा शेवट अजून झालेला नाही, पण ते इथपर्यंत टिकलं ही माहिती मोलाची असते. ती फेकून दिली, तर अभ्यासात फक्त मयतांची यादी उरते.

मग काका खोटं बोलले का?

अजिबात नाही. त्यांच्या बोलण्यात एक भक्कम गोष्ट आहे, आणि मसुद्यात मी नेमकी तीच सोडली. रजिस्टर, मजबूत कपाटं, नूतनीकरण, तपासणी हा खर्च महिन्याला दोन बंदुका विकणाऱ्यालाही येतो आणि दोनशे विकणाऱ्यालाही. मोठ्याला तो पेलतो, लहानाला दाबतो. हे तपासताही येतं. दोष खर्चाचा असेल, तर २०१६नंतर एकाच शहरात लहान दुकानं मोठ्यांपेक्षा लवकर बंद पडलेली दिसायला हवीत. दोष मागणीचा असेल, तर जिथे परवानाधारक भरपूर आहेत, तिथे लहान दुकानंही तगलेली दिसायला हवीत. बघा, आता वाक्याला दात आले. ते चुकीचं ठरू शकतं, म्हणून ते तपासण्यालायक आहे.

आणि नियमांनी दुकानदाराला फक्त लुटलं असंही नाही. कायद्यानेच बंदूक पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव ठेवता येते. २०१९नंतर जादा ठरलेली तिसरी बंदूकही तशीच जमा करता येत होती. त्या ठेवीचं भाडं दुकानाला मिळतं. आजोबांच्या बंदुकीचं भाडं आम्हीच कित्येक वर्षं भरलं. म्हणजे जे नियम खर्च वाढवत होते, तेच थोडं उत्पन्नही देत होते. हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो.

शेवटचं. ‘दुकानं कमी झाली’ आणि ‘हे वाईट झालं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. बंदुकीवर वचक असावा हा कायद्याचा हेतू आहे, आणि तो मला पटतो. काकांबद्दल वाईट वाटतं, हेही खरं आहे. मसुद्यात मी दुसऱ्या भावनेला पहिल्या विधानाचा पुरावा केलं होतं. तुमचा विषय घरातून, गावातून आला असेल तर हे तुमच्याकडूनही होणार आहे. विषय सोडू नका. फक्त आपलं मुख्य वाक्य एका कोऱ्या कागदावर लिहा आणि खाली ते तीन प्रश्न लिहा. उत्तरं नाही सुचली तर घाबरू नका, तुमच्या पहिल्या वर्षाचं काम सापडलं असं समजा.

मध्यंतरी काका भेटले. ‘काय गं, निघालं का काही तुझ्या अभ्यासात?’ म्हणाले. मी विचारलं, ‘काका, ती जुनी रजिस्टरं काय केलीत?’ विक्रीच्या नोंदी दुकान बंद करताना नियमाप्रमाणे कार्यालयात जमा केल्या, म्हणाले. पण ठेवीच्या भाड्याची त्यांची खासगी वही अजून घरीच आहे. पुढच्या सुट्टीत ती बघायला जाणार आहे.