भयपटाचा आरंभ : ‘महल’विषयी थोडा पुनर्विचार

हिंदी भयपटाचा आरंभ कमाल अमरोही यांच्या ‘महल’पासून (१९४९) मानण्याचा प्रघात आहे. त्यावर आक्षेप घेतला जातो तो असा, की कामिनीचे भूत अखेरीस माळ्याची मुलगी आशा ठरते. तेव्हा हा रहस्यपट होय, भयपट नव्हे. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप मान्य नाही. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (१९२०) या जर्मन चित्रपटातही सारा प्रकार अखेर एका वेड्याचे कथन ठरतो. म्हणून त्याचे भयपटाच्या इतिहासातील स्थान कोणी नाकारीत नाही.

अतिमानुषाचे आपल्या पडद्याला कधीच वावडे नव्हते. परंतु फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मधील (१९१९) नाग पाहून प्रेक्षक हात जोडतो, तेथील रस अद्भुत, भयानक नव्हे. भयानकाची खरी चाहूल लागते ती प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४). बळीचा आग्रह धरणाऱ्या राजगुरूचा डोळा (हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा) टेलिफोटो भिंगातून सारा पडदा व्यापतो. त्याआधी १९३३ मध्ये शांताराम जर्मनीस जाऊन आले होते, हे ध्यानात घ्यावे. मात्र येथे भय देवीचे नाही. देवीच्या नावाने बोलणाऱ्या माणसाचे आहे.

‘महल’ हाच धागा निराळ्या रीतीने पुढे नेतो. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये घडलेल्या या चित्रपटाचे छायालेखक योसेफ विर्शिंग हेही जर्मनच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने त्यांना स्थानबद्ध केले होते. त्यांच्या छायालेखनात उजेडापेक्षा काळोखाची योजना अधिक विचारपूर्वक झालेली दिसते. ध्वनीचेही तसेच. दुरून जवळ येणारा स्वर साधण्यासाठी ध्वनिग्राहकाकडे चालत येत आपण ते गीत म्हटले, असे लता मंगेशकर यांनी सांगितले आहे. गाणारी दिसण्यापूर्वी तिचे अंतर ऐकू येते, आणि त्या अंतरातच भय आहे. आशाचे गुपित फुटले तरी हे अंतर पुसले जात नाही.

शिवाय एका पात्राकडे समीक्षकांचे दुर्लक्ष झाले आहे. नायकाची पत्नी रंजना ही जिवंत, हाडामांसाची. पण तो तिच्याकडे पाहत नाही, छायेकडे पाहतो. उपेक्षेने पिचून ती विष घेते आणि मरताना खुनाचा आळ पतीवर ठेवते. भूत खोटे ठरते. हा मृत्यू खोटा ठरत नाही. ‘महल’ला भयपट म्हणावे ते कामिनीमुळे नव्हे, रंजनेमुळे.