गृहीत धरलेले गाणे

कोल्हापुरात गाण्याचा नाद असलेल्या घरांत कॅसेटींचे एखादे कपाट अजूनही सापडते. आमच्या घरी ते सासऱ्यांकडून आले. सुमारे दोनशे कॅसेट. त्यांतल्या बऱ्याचशा घरगुती बैठकींच्या, आणि प्रत्येक डबीतल्या कार्डावर बारीक अक्षरात राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण याची नोंद. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा हे कपाट माडीवर होते म्हणून वाचले. त्यानंतर आम्ही ठरवले की हे सारे संगणकात भरून ठेवायचे.

जागेचा हिशेब सोपा आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाने ध्वनी साठवायचा तर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट आणि तासाच्या कॅसेटला सुमारे 635 मेगाबाइट. दोनशे कॅसेटींना 127 गिगाबाइट पुरतात. आजच्या डिस्कवर एवढी जागा म्हणजे काहीच नव्हे. अडचण जागेची नव्हती, मांडणीची होती.

घरात असे संगीत ठेवण्यासाठी जे कार्यक्रम मिळतात त्यांना म्युझिक सर्व्हर म्हणतात. एक जुना संगणक कोपऱ्यात चालू ठेवायचा, गाणी त्यात भरायची आणि घरातल्या मोबाइलने किंवा स्पीकरने त्याच्याकडे गाणे मागायचे. आम्ही दोन कार्यक्रम वर्षभर वापरले. 2003 पासून चालत आलेला ‘म्युझिक प्लेअर डीमन’ (पुढे एमपीडी) आणि 2020 पासून वापरात असलेला ‘नेव्हिड्रोम’. दोन्ही मोफत आहेत आणि दोघांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते. ते चालतात की नाही हा येथे प्रश्न नाही, उत्तम चालतात. आम्हांला तपासायची आहेत ती त्यांची डिफॉल्ट.

डिफॉल्ट म्हणजे काय?

तुम्ही काहीच सांगितले नाही तर कार्यक्रम जे धरून चालतो ते डिफॉल्ट. मराठीत याला ‘गृहीत’ हा शब्द चपखल बसतो. भूमितीत गृहीतकृत्य बदलले की प्रमेय बदलते, तसेच येथेही होते. फरक एवढाच की भूमितीतले गृहीत फळ्यावर लिहिलेले असते, संगणकातले लिहिलेले दिसत नाही.

गृहीताची ताकद किती असते याचे एक प्रसिद्ध उदाहरण संगीताच्या बाहेरचे आहे. जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी 2003 साली ‘सायन्स’मध्ये युरोपातील अवयवदानाच्या संमतीची तुलना केली होती. जर्मनीत नागरिकाने स्वतः होकार कळवायचा होता. तेथे संमती 12 टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात होकार गृहीत धरलेला, नको असेल त्याने कळवायचे, तेथे 99.98 टक्के. कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे, हे खरे. पण दोन शेजारी देशांतील माणसांच्या मनांत एवढे अंतर असणे शक्य नाही. अंतर अर्जात होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की कार्यक्रमाची परीक्षा त्यातील सोयींच्या यादीवरून करू नये. जो माणूस सेटिंगचे पान कधीच उघडणार नाही त्याच्या घरी तो कसा वागतो, यावरून करावी. शाळेच्या ग्रंथालयात असा संगणक ठेवला तर तेथे बहुतेक सारे असेच वापरणार.

नाव मावेना

पहिला घोटाळा या दोन कार्यक्रमांच्या आधीचा आहे. गाण्याच्या फाईलच्या शेपटीला माहितीची चिठ्ठी जोडण्याची ‘आयडी3’ ही पद्धत 1996 साली निघाली. चिठ्ठी बरोबर 128 बाइटांची. सुरुवातीची खूण 3, गाण्याचे नाव 30, कलावंत 30, अल्बम 30, वर्ष 4, शेरा 30 आणि प्रकार 1. बेरीज करून पाहावी.

ही चिठ्ठी रोमन लिपीसाठी होती. आता देवनागरीचे काय होते ते पाहू. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, आणि मात्रा हे वेगळे चिन्ह असते. ‘केसरबाई केरकर’ या नावात 12 चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे 37 बाइट. हे नाव त्या 30 बाइटांत कोंबले तर ‘केसरबाई के’ एवढे उरते आणि पुढे ‘र’चा तुटका तुकडा, जो कोणालाच वाचता येत नाही. प्रकारासाठी असलेल्या एका बाइटात सुरुवातीला 80 प्रकारांची ठरीव यादी होती. त्यात ‘गोंगाट’ या प्रकाराला जागा होती, ‘टवाळी’लाही होती. ख्यालाला नव्हती.

1998 मध्ये आयडी3ची दुसरी आवृत्ती आली आणि लांबीचे बंधन गेले. पण मूळ गृहीत राहिले ते असे : एक कलावंत, एक अल्बम, एक गाणे. हे गृहीत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला ठीक बसते. आमच्या कपाटाला बसत नाही. 1911 सालच्या ‘संगीत मानापमान’मधील पद घ्या. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गाणारे काळाप्रमाणे निरनिराळे. ‘कलावंत’ या एका रकान्यात गायकाचे नाव लिहिले की टेंबे नाहीसे होतात. ते कोल्हापूरचे. त्यांचे नाव कोल्हापुरातल्याच संगणकातून गळावे, ही गोष्ट आम्हांला लागली.

रागाचा रकाना तर कोठेच नाही. याबाबतीत मोठ्या संस्थांनीही आपल्यापुढे फार चांगले उदाहरण ठेवलेले नाही. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. नासाच्या यादीत त्यापुढे नुसते ‘राग’ असे लिहिले आहे. कोणता राग, ते नाही. ज्या अल्लादियाखाँसाहेबांचा (1855-1946) घराणेदार वारसा केसरबाईंनी पुढे नेला ते शाहू महाराजांच्या दरबारचे गवई होते, आणि त्या गायकीची ओळखच मुळी अनवट आणि जोडरागांची. अशा गाण्याची नोंद करताना रागाचे नाव गाळणे म्हणजे वनस्पतीच्या नमुन्यावर फक्त तो गोळा करणाऱ्याचे नाव लिहिण्यासारखे आहे.

नेव्हिड्रोमच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की 2025 मधील 0.55 या आवृत्तीपासून संगीतकार, वादक अशा भूमिका त्यात वेगळ्या दिसू लागल्या आणि आपल्या मनाचा रकाना वाढवण्याचीही सोय झाली. दार उघडले आहे. पण ते शोधून उघडावे लागते.

‘उ’ खाली सारे उस्ताद

आता वर्णानुक्रम. नेव्हिड्रोम नावांची यादी लावताना आरंभीची काही उपपदे सोडून देते. मूळ यादीत द, एल, ला, ले, ओस असे इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज शब्द आहेत. कल्पना अगदी योग्य. ‘द बीटल्स’ कोणी ‘द’खाली शोधत नाही. पण ‘पं.’ आणि ‘उस्ताद’ त्या यादीत नाहीत. परिणामी सारे पंडित ‘प’खाली आणि सारे उस्ताद ‘उ’खाली गोळा होतात. शिवाय अनुक्रमणिकेचे खाने ए ते झेड एवढेच गृहीत धरलेले आहेत. देवनागरीत लिहिलेले नाव त्यांत बसत नाही, म्हणून त्या खान्यांप्रमाणे यादी दाखवणाऱ्या मोबाइलवर ती सगळी नावे ‘इतर’ अशा अर्थाच्या एकाच खुणेखाली जातात. मराठी घरात ‘इतर’ म्हणजे जवळजवळ सगळेच.

दोन्ही याद्या सेटिंगमध्ये बदलता येतात, आणि आम्ही बदलल्या. दहा मिनिटांचे काम. पण ते दहा मिनिटांचे आहे हे कळायला आम्हांला तीन आठवडे लागले.

जे न करण्यात शहाणपण आहे

एमपीडीचे काही बाबतींत मनापासून कौतुक केले पाहिजे. दोन गाण्यांचे सांधे एकमेकांत मिसळण्याची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद आहे. आपल्या संगीतात प्रत्येक गायकाचा षड्ज वेगळा. एकाची तार विरते आहे आणि दुसऱ्याचा तंबोरा वेगळ्या स्वरात सुरू होतो आहे, ही कल्पनाच कानाला बोचते.

आवाजाची पातळी सारखी करण्याची ‘रिप्लेगेन’ ही पद्धत 2001 मध्ये सुचवली गेली. प्रत्येक फाईल किती मोठ्याने वाजते ते मोजून त्यानुसार वाजवताना आवाज कमी-अधिक करायचा. ती दोन तऱ्हांनी लावता येते : प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र, किंवा पूर्ण अल्बमला एकच. विलंबित ख्याल आणि द्रुत वेगळ्या फाईलींत असतील आणि पद्धत तुकड्यागणिक लावली, तर शांत सुरुवात वर ओढली जाते आणि द्रुत खाली दाबली जाते. गायकाने अर्धा तास जो चढ बांधला तो सपाट होतो. एमपीडीत हेही मुळात बंद आहे. घरच्या ध्वनिमुद्रणात ज्याला हात लावण्याची गरज नाही त्याला हात न लावणे, हे चांगले गृहीत होय.

पण एमपीडीची दोन गृहीते आम्हांला पटली नाहीत. पहिले, नवी फाईल ठेवली तरी सांगितल्याशिवाय तो कपाट पुन्हा चाळत नाही. जुन्या, मंद यंत्रावर भार नको हा विचार समजतो. पण घरच्या माणसाला वाटते की गाणे हरवले. दुसरे अधिक गंभीर आहे. पासवर्ड ठरवला नसेल तर जोडणी करणाऱ्या प्रत्येकाला सगळे अधिकार मिळतात. काही लिनक्स वितरणे ही जोडणी त्याच संगणकापुरती ठेवून देतात, तो त्यांचा शहाणपणा. घरात चालेल, शाळेच्या जाळ्यावर एखादा विद्यार्थी सहज यादी पुसून टाकील. नेव्हिड्रोम येथे बरा. पहिल्यांदा उघडताच तो व्यवस्थापकाचे नाव आणि पासवर्ड ठरवायला लावतो, त्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. काही प्रश्न गृहीत धरायचे नसतात, विचारायचे असतात. मात्र कलावंतांची चित्रे आणि माहिती बाहेरच्या सेवांकडून आणण्याची परवानगी तो स्वतःच गृहीत धरतो. घरात कोणाचे गाणे आहे ही खबर न विचारता बाहेर जाते. हे बंद करता येते. आमच्या मते ते मुळात बंद असायला हवे होते.

आमची चूक

याबाबत आम्ही इतके आग्रही का, त्याचे कारण सांगितले पाहिजे. या दोहोंपैकी नव्हे, अशा एका तिसऱ्या कार्यक्रमाकडे आम्ही चिठ्ठ्या नीटनेटक्या करण्याचे काम दिले होते. ‘आपोआप दुरुस्ती’ मुळात चालू होती, आणि दुरुस्ती थेट मूळ फाईलींत लिहिली जात होती. एका रात्रीत सुमारे साठ कॅसेटींच्या नोंदी बदलल्या. बाजारात मिळणाऱ्या कुठल्यातरी अल्बमशी गाठ घालून त्याने साथीदारांची नावे पुसली आणि बऱ्याच ठिकाणी ‘विविध कलावंत’ असे लिहून टाकले. ज्या कार्डांवरून नोंदी घेतल्या होत्या त्यांतली बहुतेक शाबूत होती, म्हणून निभावले. आठ-दहा कॅसेटींची कार्डे आधीच गहाळ होती. सासऱ्यांनी ती नावे ओळखून तोंडी सांगितली होती आणि आम्ही थेट संगणकात टंकली होती. सासरे आता नाहीत. त्या बैठकींत तबला वाजतो, पण वाजवणारा कोण ते आता कोणालाच सांगता येत नाही.

चूक आमचीही होती. प्रत काढून न ठेवता काम सुरू केले. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने मूळ नमुन्यावरच चाचणी केली असती तर आम्ही त्याला फैलावर घेतले असते.

यातून आमच्यापुरते चार नियम निघाले. जे परत आणता येत नाही ते आपोआप करू नये. घरातली माहिती विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नये. ध्वनी आहे तसा वाजवावा. आणि गृहीत धरलेल्या गोष्टींची यादी पहिल्याच पानावर, वापरणाऱ्याच्या भाषेत दाखवावी. पहिल्या तीन कसोट्यांवर हे दोन्ही कार्यक्रम कमी-अधिक उतरतात. मूळ फाईलींना दोघेही हात लावत नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू. चौथ्या कसोटीवर दोघेही नापास. सेटिंगची सविस्तर माहिती आहे, पण ती इंग्रजीत आणि शोधेल त्याला. शाळेसाठी निवडायचा तर आम्ही नेव्हिड्रोम घेऊ, वरच्या दोन याद्या बदलून आणि बाहेरच्या सेवा बंद करून. फाईलींची एक प्रत मात्र आधी कपाटात ठेवू.

वर्गासाठी एक कृती. चौकटींच्या वहीत 30 चौकोनांची ओळ आखावी. मुलांनी आपले नाव एका चौकोनात एक रोमन अक्षर या हिशेबाने लिहावे. मग तेच नाव देवनागरीत, प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि पाय मोडण्याच्या चिन्हाला तीन-तीन चौकोन देऊन लिहावे. कोणाचे नाव कोठे तुटते ते पाहावे. त्यानंतर विचारावे, की हे 30 कोणी ठरवले आणि ठरवताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणाची नावे होती?